घोंगडं, नग एक

जतच्या आयटीआयमध्ये मी वायरमन ट्रेडचा निदेशक.
बावीस वर्षं एकच वाक्य घोकून घेतलं:
हात लावण्याआधी मेन स्विच बंद.

मग शाळू काढणीच्या दिवसांत एक टेम्पो आला,
गोणपाटात गुंडाळलेल्या आठ काचा घेऊन,
सोबत इंग्रजी पुस्तक आणि सही करायला कागद.
साहेब फोनवर म्हणाले, सोमवारपासून सोलर शिकवा.
शिकवतो, म्हणालो.
रविवारी रात्री ओट्याशी उभा राहून
पहिला धडा वाचला.
बायको म्हणाली, वाचा की मोठ्यानं,
मला तरी कळू दे तुम्हाला काय कळत नाही ते.

सोमवारी वर्कशॉपच्या स्लॅबवर एकोणीस पोरं
आणि अंबिका हिप्परकर,
जिच्या हातात सहा महिने कुणी पक्कड दिली नव्हती.
कुणी म्हणजे मी.
अक्षर चांगलं, म्हणून हजेरीवही दिलेली.

आधी मेन बंद करा, मी सवयीनं म्हणालो.
पोरांनी काचांच्या मागं शोधलं, खाली शोधलं,
एकानं तर वर बघितलं,
आणि बरोबर तोच होता.
इरफान मकानदारनं चालू जोड ओढला
तर बोटभर निळा जाळ,
केस जळाल्याचा वास.
तो काही बोलला नाही. नुसता हसला,
ओठ पांढरे.

पुस्तकात होतं: काम करताना काच जाड कापडानं झाका.
स्टोअरला कापड नव्हतं.
मागणीपत्र तीन प्रतींत,
मंजुरी सांगलीहून.

मंगळवारी अंबिका घोंगडं घेऊन आली.
काळं, राठ, एका कडेला मेंढरांचा वास,
मधोमध विडीच्या ठिणगीनं पाडलेलं भोक.
बापाचं जुनं. नवं पाठीवर टाकून
तो कळपामागं कृष्णाकाठाला गेलेला.
एकाच काचेवर तिनं ते पसरलं
आणि मीटरचा आकडा
भुकेल्या कोकरागत उड्या मारत होता तो
गुडघे मोडून खाली बसला.
तरी पुरता निजेना.
"भोक," ती म्हणाली,
आणि त्यावर तळहात ठेवला.

त्या दिवशी पक्कड मी दिली नाही.
तिनं घेतली.

संध्याकाळी दिवस बुडाल्यावर मीटर लावलं: बत्तीस.
मी खूश.
तिनं बल्ब जोडला.
तार लालसुद्धा झाली नाही.
"व्होल्टेज हाय सर, करंट न्हाई."

रात्री झोप आली नाही.
बावीस बॅचेस आठवत होत्या,
इचलकरंजीला मागावर, पुण्यात कुठल्या गेटच्या खुर्चीवर,
एकजण बिळूरच्या रस्त्याला वडापाव तळतो, चांगला तळतो,
मागं भिंतीवर माझ्या सहीचं सर्टिफिकेट, तेलकट.
आकडा सगळ्यांचा बरोबर यायचा.
लोड लावून बघायची वेळ आली
की बॅच संपलेली असायची.

पास झाल्यावर ती घोंगडं ठेवून गेली.
पुढच्यांना लागंल, म्हणाली.
मी डेडस्टॉक रजिस्टरात नोंद केली:
घोंगडं, नग एक, भोकासह.
ऑडिटवाल्यानं चष्मा वर सरकवून विचारलं,
हे कुठलं उपकरण?
मी म्हणालो, मेन स्विच.
त्यानं माझ्याकडं बघितलं आणि बरोबरची खूण केली.

परवा उमदीहून तिचा फोन.
पाच एचपीचा पंप, मालक बांधावर उभा राहून विचारतोय
वायरमन कधी यायचा,
आणि ती काचांच्या आडून तिसऱ्यांदा सांगतेय, आलाय.
"सर, कंपनीची ताडपत्री पातळ हाय.
उजेड गळतोय.
आपलं ते पाठवताय का?"

डेडस्टॉकमधली वस्तू बाहेर काढायला
अर्ज लागतो, तीन प्रतींत.
मी दुपारच्या उमदी गाडीच्या कंडक्टरकडं
घडी घालून दिलं.
त्यानं वास घेतला, तोंड वाकडं केलं,
तिकीट अर्धं की पुरतं, विचारलं.

रजिस्टरात परतीचा रकाना
अजून कोराच आहे.